पडवीतला फोन

२ जानेवारी २००४, शुक्र.

खताच्या दुकानातून नवी डायरी मिळाली. गेल्या सालची अर्धी कोरीच राहिली. प्रकाशची आई गेली, त्यानंतर लिहायला हात चालला नाही. आता परत सुरू करतो.

थंडी. गुडघा धरलाय. वालाला फूल चांगलं आहे, मावा पडायला नको.

शैलूचा फोन नाही. नाताळाआधी आला होता, मग काही नाही. सातवा लागला तिला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, हे मला कोणी शिकवायला नको. पण तिच्या सासूशी मी बोललो ते बोललो. म्हटलं, आमच्या घरात आता बाईमाणूस कोण? सून दिवसभर कॉम्प्युटरवर, तिला कुठे सवड. शिवाय पौष आहे. विहीण म्हणाली, "बरं, तुमची मर्जी." तिचं 'बरं' काही बरं नव्हतं.

सुनेला, जयश्रीला, विचारलंसुद्धा नव्हतं. तिचं नाव पुढे केलं आणि सुटलो.

दुपारी पडवीतला फोन उचलून बघितला, चालू आहे की नाही. नुसती खरखर आणि शिट्टी. गिरणीचा पट्टा सैल झाला की असाच ओरडायचा. ठेवला. चहा पिऊन परत उचलला. तेच. शैलू तिकडून फोन लावत असेल आणि इकडे हे असं.

४ जाने., रवि.

सकाळी वीज नव्हती. जयश्री बाहेर येऊन वालाच्या शेंगा सोलायला बसली. तिला मूल नाही अजून, लग्नाला दोन वर्षं झाली, त्यावरून शेजारणी टोचतात. ती ऐकून घेते. कल्याणच्या ऑफिसात आठवड्यातून एकदा जाते, बाकी काम घरून. शेणवे-किन्हवलीत असं काम करणारी दुसरी बाई मला माहीत नाही. लोकांपुढे मी हे सांगतो. घरात कधी बोललो नाही.

काय काम करतेस ते नीट सांग म्हटलं, तर हसली. एका खताच्या कंपनीचं आहे. जिल्ह्यातले दुकानदार इंटरनेटवर आपलं नाव नोंदवणार. त्यात ईमेलचा पत्ता भरायचा. पत्त्यात @ असतो, त्याच्या पुढचं नाव खरं आहे का ते हिच्या प्रोग्रामने तिथल्या तिथे तपासायचं. खोटं असेल तर फॉर्म घ्यायचा नाही.

"ते कसं कळतं?"

"विचारून. समजा आबा, तुमी टोकावड्याला गेलात आणि शैलाताईचं घर ठाऊक नाय. काय कराल?"

"नाक्यावर विचारीन."

"तो बोलला, मला नाय ठाऊक, पुढं वाण्याला विचारा. मग वाणी सांगतो. तसंच. नावाचा ठावठिकाणा कुठंतरी नोंदलेला असतो, माझा प्रोग्राम विचारत विचारत जातो."

"आणि कोणी बोललंच नाही तर?"

"तर किती वेळ उभं राहायचं ते आधीच ठरवायचं. त्याला टाइमआऊट बोलतात. नाय तर माणूस नाक्यावर उभाच."

तिला दुसरा दाखला सुचला नाही का. शेंगांची टोपली घेऊन मीच आत गेलो.

६ जाने., मंगळ.

जयश्रीचं काम अडलं. जेवताना प्रकाशला सांगत होती. तेच नाव, सकाळी विचारलं तर सापडतं, थोड्या वेळाने विचारलं तर 'असं नाव नाही' म्हणून दुकानदाराला परत पाठवतं. ऑफिसात लावून बघितलं तर बिघाड दिसत नाही. घरीच होतं. साहेब बोलले, तुझ्या घरीच कसं गं होतं सगळं?

प्रकाश म्हणाला, "बाधा असंल." तिने त्याच्या ताटात जास्तीचं मीठ वाढलं.

सर्व्हर सर्व्हर म्हणते तो मला वाटायचं कपाटाएवढा असेल आणि कल्याणला असेल. नाही. खरा तिकडे आहेच, पण तपासायला तिने घरच्या कॉम्प्युटरच्या डब्यातच एक चालवलाय. टेलिफोनच्या वायरीतून बाहेर जाऊन तो विचारतो.

फोन आज तीन-चारदा बघितला. दिवसा खरखर, संध्याकाळी साफ. उन्हाने वायर तापत असणार.

८ जाने., गुरु.

जयश्री पाणी भरायला गेली तेव्हा फोन साफ होता. धीर करून शैलूच्या गावी लावला. तिच्या घरी फोन नाही. काशिनाथ वाण्याच्या दुकानात आहे, तो माणूस पाठवून बोलावून आणतो. घंटा वाजायला लागली. चार वाजल्या असतील. मग डोळ्यांपुढे आलं, काशिनाथ दुकानातून ओरडणार, अरे शैलाच्या बापाचा फोन. गिऱ्हाईकं वळून बघणार. हाच तो, पोरीला बाळंतपणाला नेत नाही तो.

ठेवून दिला.

मग स्वतःला सांगितलं, उचलला नाही कोणी. उचलायला वेळ दिला कुठे.

९ जाने., शुक्र.

जयश्रीने सरळच विचारलं. भाकऱ्या थापत होती, माझ्याकडे पाठ.

"आबा, शैलाताईला कधी आणायचं? पौष संपला का मी जाऊन घेऊन येते. माझी खोली देऊ तिला, कॉम्प्युटर पडवीत आणता येईल."

मी म्हटलं, "ते लोक पाठवत नाहीत. विहीण म्हणाली, आमच्याकडेच करू."

"असं बोलल्या?"

"हं."

तिने भाकरी उलटली.

तिकडे सांगितलं सुनेला सवड नाही. इकडे सांगतोय सासू पाठवत नाही. दोन्ही बायका आपापल्या जागी वाईट झाल्या आणि मी मधे पडवीत बसलोय.

भीती कशाची ते इथे तरी लिहितो. प्रकाशची आई याच घरात गेली. दवाखान्यात नेईपर्यंत. गाडी मिळवायला मी नाक्यावर पळत होतो आणि एकही जीप थांबत नव्हती. शैलूला काही झालं तर परत मीच नाक्यावर. तिकडे झालं तर निदान नवरा आहे, सासू आहे, मुरबाडचा रस्ता आहे. हे कोणाला तोंडाने सांगता येत नाही. बाप असून घाबरतो म्हणतील.

११ जाने., रवि.

प्रकाश म्हशाच्या जत्रेला गेला होता. माझ्यासाठी घोंगडी आणली. चांगली आहे, जाड, थोडी टोचते.

जत्रेत जावई भेटले, रघुनाथ. बैल बघायला आले होते. दोघांनी मिळून भजी खाल्ली म्हणे. मी विचारलं, शैलू कशी आहे.

"बरी हाय. पाय सुजतात."

"आणखी काय म्हणाले?"

"दिवसा फोन लावतात, आपला एंगेज लागतो. संध्याकाळी वाणी दुकान बंद करतो."

एवढं बोलून तो विहिरीवर हातपाय धुवायला गेला. रात्री त्यांच्या खोलीत दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. पगाराचं असेल.

एंगेज लागतो म्हणजे वायर नक्की कुठेतरी घासते. खरखर त्याचीच.

१२ जाने., सोम.

टेलिफोन एक्सचेंजात जाऊन तक्रार दिली. तिथल्या माणसाला सगळं सांगितलं. दिवसा खरखर, संध्याकाळी साफ, ऊन, एंगेज. तो म्हणाला, "आजोबा, उन्हाने टेलिफोन बिघडत नाय, माणूस बिघडतो." उद्या लाइनमन पाठवतो म्हणाला.

जयश्री आज जेवायला उशिरा आली. डोळे लाल. तिने आता प्रोग्रामला जास्त थांबायला लावलंय. आधी दोन सेकंद थांबायचा, आता पूर्ण मिनिट. तरी मधूनच चुकतो. शुक्रवारी कल्याणला दाखवायचं आहे. नाही जमलं तर साहेब काम दुसऱ्या मुलाला देणार, आणि मग हिला घरून काम करू देणार नाहीत. रोज कल्याणला ये नाही तर सोड.

मी म्हटलं, "होईल गं." आणि ती आत गेल्यावर फोन उचलून बघितला. खरखर.

१३ जाने., मंगळ.

हे लिहू की नको. लिहितो.

लाइनमन आला. तरुण आहे, सायकलवरून. पडवीतला फोन उचलून कानाला लावला आणि लगेच ठेवला.

"काका, हा बिघाड नाय. आत कोणीतरी नेटवर हाय. हा नेटचा आवाज."

"म्हणजे?"

"म्हणजे आत काम चालू असताना तुमी उचललात का असा आवाज येणारच. आणि तुमाला नुसता आवाज येतो, पण तिकडं आत अडतं सगळं. कधी तुटतं, कधी तुटत नाय, दहा-पंधरा सेकंद नुसतं अडखळतं. कोण हाय आत?"

"सून."

"बिचारी. नेट चालू असताना बाहेरून येणारा फोन एंगेजच लागणार. तुमी किती वेळा उचलता?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं असणार.

जयश्रीने हे इंटरनेट घेतलं तेव्हा मला सांगितलं होतं, आबा, मी बसले असताना फोन लावू नका. मी लावत नव्हतोच. फक्त उचलून ऐकत होतो. ऐकण्याने काय बिघडतं? विजेच्या एका वायरवर दोन दिवे लागतात, तसंच वाटलं.

ती विचारायला जायची आणि मी मधेच वायरीत शिरायचो. तिच्या माणसाला नाक्यावर उत्तर मिळत नव्हतं ते माझ्यामुळे. दोन सेकंद थांबून तो परत यायचा आणि सांगायचा, असं नाव नाही.

लाइनमन म्हणाला, सुनेला सांगून जातो. मी त्याचा हात धरला. म्हटलं नको, मी सांगतो. चहा दिला, वर वालाच्या शेंगा दिल्या पिशवीभर. घेतल्या त्याने. सायकलला पिशवी अडकवताना म्हणाला, "सांगा मात्र."

जयश्री बाहेर आली तेव्हा तो वळणावर होता. "कोण आलेलं?"

"शेंगा न्यायला आला होता."

१४ जाने., बुध.

फोनला हात लावला नाही. टोपलीखाली झाकून ठेवला, दिसायला नको म्हणून. हात दिवसभर शिवशिवत होता.

संध्याकाळी जयश्री खुशीत. "आबा, धरलं. आज एकदापण चुकला नाय. मिनिटभर थांबायला लावलं ना, ते आता लागू पडलं." तिळाचे लाडू करायला बसली. गुणगुणत होती.

लागू पडलं ते माझं न उचलणं. पण ती एवढी खुशीत. म्हटलं आता सांगून कशाला घाण करायची. काम तर झालं.

असं मी मनाला सांगितलं आणि मनाने ऐकलं. मन ऐकतं, त्याला काय.

१५ जाने., गुरु.

संक्रांत. तिळगूळ. शैलूकडे पाठवायला कोणी माणूस मिळाला नाही. म्हणजे शोधला नाही.

टोपली तशीच.

१६ जाने., शुक्र.

जयश्री पहाटे कल्याणला गेली. अबोली साडी नेसून गेली, डब्यात लाडू. दिवस जाता जाईना. आंब्याखाली बसलो, उठलो.

संध्याकाळच्या एसटीने आली. वाशिंदला कारखाना सुटून प्रकाश चढला, दोघं बरोबरच आले. प्रकाशने मला डोळ्याने सांगितलं, बोलू नका.

मग तुकड्या-तुकड्याने कळलं. तिकडे साहेबांनी मुद्दाम असली नावं दिली की ज्यांच्या ठिकाणी उत्तर द्यायला कोणीच नाही. बंद पडलेली. हिचा प्रोग्राम एकेका नावापाशी मिनिट मिनिट उभा राहिला. त्याच्या मागे बाकीच्यांचे फॉर्म तुंबले. खताच्या कंपनीचा माणूसही तिथेच बसला होता. साहेब सगळ्यांसमोर बोलले, एका मेलेल्या नावासाठी अख्खी रांग उभी करतेस? एवढं थांबायला तुला कोणी सांगितलं?

ती म्हणाली, घरी तेवढं लागतं. ते हसले.

कोणी सांगितलं ते मला ठाऊक आहे. इथे तो दोन सेकंदांत चुकायचा, म्हणून तिने वाढवलं. चुकायचा माझ्यामुळे. आणि मिनिटाने बरा झाला असं तिला वाटलं, तेव्हा मला खरं माहीत होतं. मंगळवारी सांगितलं असतं तर बुधवारी तिने कमी केलं असतं. बुधवारी तिने लाडू दिला तो मी खाल्ला.

पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत दिली. शेवटची.

१७ जाने., शनि.

जेवलो नाही. पोटाचं निमित्त सांगितलं. जयश्रीने जिऱ्याचं पाणी आणून दिलं. पेला धरायची लाज वाटली.

ती परत बसलीय. दोन सेकंद केलं की भीती वाटते, परत चुकेल. मिनिट ठेवलं की कल्याणला तुंबतं. प्रकाशला म्हणत होती, "आपल्या घराच्या लाइनमध्येच काय तरी हाय. पण काय ते सापडंना." जे सापडंना ते पडवीत घोंगडी पांघरून बसलं होतं.

सांगायला दोनदा उंबऱ्यापर्यंत गेलो. एकदा म्हटलं पाणी आहे का. एकदा म्हटलं ऊन फार आहे.

१९ जाने., सोम.

सांगितलं.

ती परसात कपडे वाळत घालत होती. प्रकाश पाळीवर. मी म्हटलं, "जयश्री, तुझा प्रोग्राम चुकत नव्हता. मी फोन उचलत होतो." पुढे लाइनमन, शेंगांची पिशवी, टोपली, सगळं एका दमात. बुधवारचं पण सांगितलं.

ती हातातलं ओलं धोतर तसंच धरून उभी. माझंच धोतर.

"रोज उचलायचात?"

"हो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

"मंगळवारी कळलं तुमाला."

"हो."

तिने धोतर दोरीवर टाकलं, चिमटा लावला. मला वाटलं रडेल किंवा बोलेल. मोठ्याने बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी वेडी झाले का काय असं वाटलेलं मला." आणि आत गेली.

दुपारभर आतून बटणं दाबल्याचा आवाज. संध्याकाळी बाहेर आली, चहा घेऊन, दोघांसाठी.

म्हणाली, "माझीपण चूक होती आबा. नाव नाय असं उत्तर येणं वेगळं, आणि उत्तरच न येणं वेगळं. मी दोन्हीला 'नाय'च धरत होते. आता तीन केलेत. हाय, नाय, आणि अजून कळलं नाय. थोडंच थांबायचं, परत एकदा विचारायचं, तरी गप्प असला तर दुकानदाराला अडवायचं नाय. फॉर्म घेऊन ठेवायचा आणि मागून सवडीने विचारायचं."

"म्हणजे बरं झालं?"

"बरं नाय झालं. कल्याणला माझी शोभा झाली ती झालीच. पण हे चांगलं झालं."

मला बरं वाटावं म्हणून चूक वाटून घेतली की खरंच तसं होतं, मला कळायचा मार्ग नाही. शिकलो असतो तर कळलं असतं.

चहा पिऊन झाल्यावर कप घेऊन उठली, मग तिथेच उभी राहिली.

"आणखी काय सांगायचं हाय का आबा?"

मी म्हटलं, "नाही."

२० जाने., मंगळ.

झोप नाही. 'आणखी काय' असं का विचारलं तिने?

सकाळी प्रकाशला गाठलं, डबा भरत होता. म्हटलं, जत्रेत जावई नेमकं काय बोलले. तो डब्याचं झाकण लावत राहिला.

"बोलले, तुमच्या बायकोला सवड नाय म्हणून शैला तिकडंच राहणार. आईला वाईट वाटलं. शैला तर रडली बोलले."

"तू जयश्रीला सांगितलंस?"

"त्याच रात्री."

म्हणजे अकरा तारखेपासून तिला माहीत होतं. लाडू दिला तेव्हा माहीत होतं. जिऱ्याचं पाणी दिलं तेव्हा. तिच्या नावावर मी काय खपवलं ते माहीत असून तिने माझं धोतर वाळत घातलं.

"मग बोलली का नाही?"

प्रकाश म्हणाला, "मी बोललो होतो तिला, विचार सरळ. ती बोलली, आबा सांगतील, थांबू. मी बोललो, किती थांबणार? बोलली, ते नाय ठरवलं."

तो पाळीवर गेला. मी दिवसभर तिच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही. वालाच्या वाफ्यात जाऊन बसलो. मावा पडलाय.

२१ जाने., बुध.

अवसेला पौष संपला. तेवढं निमित्त होतं, तेही गेलं.

जयश्रीने तिचं काम कल्याणला पाठवून दिलं, मुदतीच्या आधी. उत्तर फोनवर येईल. आता कॉम्प्युटर बंद ठेवून बसलीय, लाइन मोकळी हवी म्हणून. मधून मधून पडवीतल्या फोनकडे बघते. मी तिला बघताना बघितलं. मला वाटत होतं असं बघणारा घरात मी एकटाच.

रात्री जेवताना म्हटलं, "जयश्री, विहीण पाठवत नाही हे खोटं होतं."

"माहीत हाय."

"तुझं नाव घेतलं मी."

"ते पण."

"भीती वाटते मला. तुझी सासू गेली तेव्हापासून. नाक्यावर गाडी मिळत नाही."

प्रकाश खाली बघून भात कालवत होता. ती म्हणाली, "मग असं सांगायचं ना. गाडीचं बघता आलं असतं. माझ्या नावाचं काय करायचं आता?"

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. ती म्हणाली, "उद्या फोन लावा. मी नाय लावणार, प्रकाशपण नाय. तुमी."

२२ जाने., गुरु.

माघ लागला. सकाळचं ऊन पडवीत आलंय. प्रकाश कामावर गेला.

लिहितोय ते फोन कानाला लावूनच. डायरी मांडीवर.

लावला. घंटा वाजत राहिली. ठेवावासा वाटला. जयश्री पायरीवर बसलीय, माझ्याकडे बघत नाही, सुपातले तांदूळ निवडतेय. नाही ठेवला. वाजत राहिली, वाजत राहिली. मग काशिनाथने उचलला.

"कोण?"

"शैलाचा बाप. किन्हवलीहून."

मग तो म्हणाला, "आज आठवण झाली का पाव्हणं?" आणि मला वाटलं तसाच ओरडला, शैलाच्या बापाचा फोन हाय रे, कोणीतरी जा. दुकानात कोणीतरी काहीतरी बोललं. एक बाई हसली. ऐकलं ते.

"माणूस धाडलाय. शेतावर असंल तर टाइम लागंल. ठेवू नका."

"नाही ठेवत."

जयश्रीला म्हटलं, कल्याणचा फोन यायचा आहे तुझा. आज उद्यातच येणार. मी लाइन अडवून बसलो तर त्यांना एंगेज लागेल.

"लागू दे. परत लावतील."

"नाही लावला तर?"

"तर नाय लावला." सूप पाखडलं तिने. "तुमी धरा."

तिकडे दुकानातलं सगळं ऐकू येतंय. तराजूचं पारडं वाजलं. कोणीतरी चहापूड मागतंय, काशिनाथ म्हणतोय मागचं आधी दे. कोंबडं. एक जीप गेली टोकावड्याकडे. शैलू येईल की नाही माहीत नाही. आली तर पहिलं काय बोलायचं ते ठरवलं होतं, आता आठवत नाही. न येता सासूच आली तर तेही ठरवलेलं नाही.

हात अवघडला. दुसऱ्या कानाला घेतला.

आत्ता काशिनाथने फोन उचलून बघितला. म्हणाला, "हाव का अजून?"

म्हटलं, आहे.